मुलीचं सेमिस्टर, बापाचं स्कँडिनेव्हिया

"तिकडे असं नसतं."

हे वाक्य म्हणण्याआधी ते चष्मा काढायचे, त्याची एक काडी सरळ करायचे आणि तिनं दिशा दाखवायचे. तिकडे म्हणजे स्कँडिनेव्हियात. जबल अलीतल्या आमच्या ऑफिसात त्यांची खुर्ची अशी मांडली होती, की ती काडी नेमकी वॉशरूमच्या दाराकडे जायची. नवीन लागलेली माणसं त्या दाराकडे मोठ्या आदरानं बघायची.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. परदेशी जातं घरातलं दुसरंच कुणी, आणि बदलून येतो हा. तसे आम्ही सगळे परदेशातच राहत होतो. पण दुबईला परदेश म्हणायची सवय आपल्या लोकांत पहिल्या दोन वर्षांत मोडते. त्यानंतर दुबई म्हणजे जरा जास्त ऊन असलेलं ठाणं.

साहेब (मी त्यांना साहेबच म्हणायचो) आमच्या कंपनीत परचेस मॅनेजर होते. कंपनी गोठवलेलं अन्न साठवायची. मासे, वाटाणे, पराठे. मी डॉक्युमेंटेशनला. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमची बिल्डिंगही एकच, ते तिसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. रोज त्यांच्याच गाडीतून जायचो-यायचो, त्यामुळे त्यांची व्याख्यानं मला दिवसातून दोनदा सीटबेल्ट लावून ऐकावी लागत.

त्यांची एकुलती एक मुलगी, मृण्मयी, इथल्याच युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला होती. तिला एका सेमिस्टरसाठी, एक्स्चेंज स्टुडंट म्हणून, उत्तर स्वीडनमधल्या एका गावी जायची संधी मिळाली. ऑगस्टअखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. एवढीच गोष्ट. पण साहेबांनी ती अशी सांगितली, की ऐकणाऱ्याला वाटावं मुलगी राजदूत म्हणून चालली आहे.

"कुठल्या देशात?" मी विचारलं होतं.

"स्कँडिनेव्हिया."

"म्हणजे स्वीडन ना?"

"स्वीडन त्यातच येतं," ते म्हणाले. माझ्यासारख्यांसाठी त्यांच्याकडे एक खास मऊ आवाज होता.

स्वतः साहेबांनी पाहिलेली सगळ्यांत थंड जागा म्हणजे सिमला, तीही हनिमूनला आणि मे महिन्यात. पण महिनाभर इंटरनेट वाचून ते स्कँडिनेव्हियाचे जाणकार झाले. लिफ्टमध्ये शिरले की म्हणायचे, "तिकडे लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. दुसऱ्याच्या शांततेचा रिस्पेक्ट!" आणि हे ते तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत बोलायचे. मी पहिल्यावर उतरलो तर दार धरून ठेवायचे.

एकदा म्हणाले, "तिकडे बॉसला नावानं हाक मारतात. सर नाही, साहेब नाही. सगळे समान." दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना मी त्यांना नावानं गुड मॉर्निंग केलं. जबल अलीपर्यंत गाडीत खरोखर स्कँडिनेव्हियन शांतता होती. जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "आपल्याकडे अजून ती मॅच्युरिटी आलेली नाही."

ऑगस्टमध्ये त्यांनी मुलीला थंडीची तालीम द्यायला सुरुवात केली. घरातला एसी सोळावर. वहिनी शाल पांघरून पोळ्या लाटताना मी स्वतः पाहिल्या आहेत. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, काचा घामेजलेल्या, आणि आत मृण्मयी हातमोजे घालून लॅपटॉपवर टाइप करते आहे. तेवढ्यानं भागेना, म्हणून एका शनिवारी साहेब तिला आमच्या कोल्ड स्टोअरमध्ये घेऊन आले. उणे अठरा. तिच्या अंगात नवाकोरा, गुडघ्यापर्यंत येणारा जाडजूड कोट. साहेबांच्या हातात स्टॉपवॉच. मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं.

आत फोर्कलिफ्टवर आमचे एक कोकणातले गृहस्थ होते, संगमेश्वरकडचे, पन्नाशीला आलेले. त्यांनी गाडी थांबवली आणि मृण्मयीकडे बघून म्हणाले, "ताई, तोंड उघडं ठेवू नका. नाकानं श्वास घ्या. आणि पाय हलवत राहा, उभं राहिलात की थंडी चढते."

"थँक यू, काका," ती म्हणाली.

"किती दिवस जायचंय तिकडं?"

"पाच महिने."

"मग काय नाय," ते हसले. "माझं अकरावं वर्ष."

त्यांच्या हातमोज्याच्या दोन बोटांना चिकटपट्टी होती. नवीन हातमोज्यांची मागणी मार्चपासून साहेबांच्या टेबलावर पडून होती. तीन कोटेशन आल्याशिवाय साहेब सहीला हात लावत नसत. प्रोसीजर म्हणजे प्रोसीजर. मृण्मयीच्या कोटासाठी कोटेशन मागवल्याचं मला आठवत नाही.

सातव्या मिनिटाला ती बाहेर पडली. साहेबांनी घड्याळ थांबवलं आणि जाहीर केलं, "पास!"

मुलगी गेली आणि साहेबांना बहर आला. बिल्डिंगच्या ग्रुपवर रोज सकाळी एक फोटो. तळं. बर्चची झाडं. सायकल. पुन्हा तळं. खाली साहेबांचं भाष्य: 'तिकडे निसर्ग हा प्रत्येकाचा हक्क आहे.' आम्ही अंगठे दाखवायचो. अडीच महिन्यांत तिच्या एकाही फोटोत माणूस नव्हता, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

फोनवर ती काय बोलते, विचारलं तर साहेब म्हणायचे, "एकदम फाइन. सेट झालीय. तिकडे तिला मिमी म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळे," साहेब म्हणाले.

मग आली दिवाळी आणि आमच्या मंडळाचा फराळ-मेळावा. एका शाळेचा हॉल, दीडशे माणसं, स्टीलच्या डब्यांतून चकल्या. साहेबांनी कार्यकारिणीच्या मागे लागून वीस मिनिटं मिळवली होती. विषय: 'स्कँडिनेव्हियाकडून आपण काय शिकावं'. स्लाइड्स मी बनवल्या, कारण साहेबांना फक्त बोलता यायचं. शेवटच्या स्लाइडनंतर मृण्मयी थेट स्वीडनहून व्हिडिओवर येणार होती. साहेबांच्या शब्दांत, 'लाइव्ह एव्हिडन्स'.

वीसची पस्तीस मिनिटं झाली. समानता झाली, सायकली झाल्या, विश्वास झाला. मागच्या रांगांतली माणसं चहाकडे सरकू लागली, तेव्हा साहेबांनी लॅपटॉपवर कॉल लावला. पडद्यावर मृण्मयी आली. तिकडे दुपारचे तीन वाजले होते. तिच्या मागच्या खिडकीत काळोख होता. तिनं तोच कोट घातला होता, खोलीच्या आत.

"नमस्कार कर सगळ्यांना!" साहेब माइकवर म्हणाले. "सांग, तिकडच्या लोकांबद्दल काय सांगशील?"

आमच्या इथल्या मुलांना मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देतात, हे तुम्हाला माहीत आहेच. मृण्मयी तर आईशीही इंग्रजीत भांडायची. पण त्या दिवशी ती मराठीत बोलली. सावकाश, एकेक शब्द शोधत.

"बाबा, मी नऊ दिवस कोणाशी बोलले नाहीये. म्हणजे... तोंडानं. दुकानात पण मशीन आहे."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. त्याला वाटलं विनोद आहे.

"मला आज भीती वाटली, की माझा आवाज कसा होता तेच विसरले," ती म्हणाली आणि थांबली. तिची हनुवटी हलत होती. पडदा बारा फुटी होता, त्यामुळे ती हलताना सगळ्यांना दिसली.

साहेबांनी काय करावं? त्यांनी लॅपटॉप मिटला. हो, मिटला. माइक तोंडाशी नेऊन म्हणाले, "नेटवर्क. नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे." आणि दीडशे माणसांनी टाळ्या वाजवल्या, कारण काय करायचं ते कुणालाच सुचलं नाही.

मी त्यांना शोधत बाहेर गेलो. ते शाळेच्या भिंतीशी, एका बंद शटरसमोरच्या पायरीवर बसले होते. नवीन कुर्ता, चष्मा हातात, फोन कानाला. मी अपेक्षेनं थांबलो की आता व्याख्यान ऐकू येईल, मन घट्ट कर, पॉझिटिव्ह राहा वगैरे.

"जेवलीस?" ते म्हणत होते. मग ऐकत राहिले. "काय जेवलीस?" चष्म्याची काडी उघडली, मिटली. "ये परत. खलास. उद्याचं तिकीट काढतो."

पलीकडून काहीतरी आलं.

"मग नको येऊस," ते म्हणाले. "जशी तू म्हणशील. पण मग मी काय करू, ते तरी सांग."

वहिनी माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. हातात कुणीतरी दिलेली लाडवाची प्लेट. "मला माहीत होतं," त्या हळूच म्हणाल्या. "तिनं मला दसऱ्यालाच सांगितलं होतं. मीच म्हटलं, एवढा बाबांचा कार्यक्रम होऊ दे."

त्या प्रसंगाची कुणीतरी क्लिप काढली होती. दुसऱ्या दिवशी ती शारजापासून अबूधाबीपर्यंतच्या मराठी ग्रुपांवर फिरली. खाली हसणारे चेहरे. मीही ती माझ्या भावाला पाठवली. खोटं कशाला सांगू?

सोमवारी सकाळी गाडीत साहेब एक शब्द बोलले नाहीत. ऑफिसात पोचल्यावर मात्र मला आपल्या टेबलाशी बोलावलं. "एक मेल लिहिलीय. इंग्लिश बघ जरा."

मेल मृण्मयीच्या तिकडच्या युनिव्हर्सिटीच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसला होती. तीस वर्षं माणसानं फक्त परचेस ऑर्डरी लिहिल्या असल्या की काळजीही त्याच नमुन्यात उतरते. मजकूर साधारण असा होता:

'विषय: एका मैत्रिणीची तातडीची गरज. वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते, की आमची मुलगी आपल्या संस्थेत शिकत असून तिला बोलण्यासाठी कुणी नाही. तरी एक मैत्रीण उपलब्ध करून द्यावी. संख्या: किमान एक. वय: अंदाजे वीस. भाषा: इंग्रजी चालेल. शाकाहारी असल्यास उत्तम, अट नाही. डिलिव्हरी: तात्काळ, मुलीच्या खोलीच्या दारापर्यंत. पार्ट शिपमेंट स्वीकारली जाणार नाही.'

मी हसू दाबत होतो. ओठ चावून शेवटपर्यंत आलो. शेवटची दोन वाक्यं त्यांच्या नेहमीच्या नमुन्यात कुठेही बसत नव्हती.

'कशी आहेस म्हणून विचारलं, की ती पहिल्यांदा फाइन म्हणते. कृपया दुसऱ्यांदा विचारावे.'

"स्पेलिंग ठीक आहे?" साहेबांनी विचारलं.

"ठीक आहे," मी म्हणालो. एकही अक्षर बदललं नाही. फक्त पार्ट शिपमेंट काढा म्हणणार होतो, तेही राहिलं.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. दोन ओळींचं, कुणा बाईचं. 'तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. आम्ही दार वाजवू.' साहेबांनी ते छापून काढलं आणि कोटेशनांच्या फायलीत लावलं. दुसरी जागा त्यांना माहीत नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही घरी येत असताना गाडीच्या स्पीकरवर मृण्मयीचा फोन आला. आवाज तापलेला.

"बाबा! यू रेज्ड अ रिक्विझिशन फॉर मी?"

साहेबांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. "कुणी आलं का?"

"तिनं मला ती ईमेल वाचून दाखवली बाबा, मोठ्यानं, कॉरिडॉरमध्ये! लिनेआ आहे तिचं नाव. ती दारात उभी राहून म्हणाली, आय अ‍ॅम युअर डिलिव्हरी. आय वॉन्टेड टू डाय!" आणि मग तिला हसू फुटलं. असं फुटलं की थांबेना. त्या लोखंडी डब्यात, घराकडे जाणाऱ्या शेकडो गाड्यांच्या मधे, तीन महिन्यांत पहिल्यांदा आम्ही तिला हसताना ऐकलं. साहेबांनी चष्मा काढला. या वेळी दिशा दाखवायला नाही, पुसायला.

"ब्रेक, साहेब, ब्रेक!" मी ओरडलो.

त्या मुलीचं नाव त्यांनी त्याच दिवसापासून लीना करून टाकलं. लीनानं तिला बर्फावरून न घसरता चालायला शिकवलं. कपडे धुण्याच्या खोलीचा वार कसा नोंदवायचा ते दाखवलं, आणि एका रविवारी आपल्या आजीकडे जेवायला नेलं. तिथून आलेल्या फोटोत पहिल्यांदा माणसं होती. साहेबांनी तो ग्रुपवर टाकला नाही. मला मात्र चार वेळा दाखवला.

त्यानंतर जानेवारीपर्यंत साहेबांनी जेवणाची सुट्टी गाडीत काढली. बारा वाजता डबा घेऊन पार्किंगमध्ये जायचे, फोन डॅशबोर्डला टेकवून ठेवायचे. तिकडे नऊ वाजलेले, पण अंधारच. ती कॉफी प्यायची, हे भाजी-पोळी खायचे. एकदा मी सहीसाठी कागद घेऊन गेलो तर दोघंही काहीच बोलत नव्हती. काच खाली करून साहेब कुजबुजले, "नंतर ये. आम्ही जेवतोय."

हातमोज्यांची फाईलही त्याच डिसेंबरात पास झाली, एकाच कोटेशनवर. तेवढं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. संगमेश्वरकरांनी मात्र माझ्यापाशी चौकशी केली, "साहेबांची तब्येत बरी आहे ना?"

मृण्मयी सेमिस्टर पूर्ण करूनच परतली. तुम्हाला वाटेल, साहेब बदलले. माणूस एका सेमिस्टरमध्ये बदलत नाही, आणि दुसऱ्याच्या सेमिस्टरमध्ये तर नाहीच. मार्चमध्ये त्यांनी मंडळाकडून पुन्हा वेळ मागून घेतला. विषय होता 'मुलांचं ऐकावं कसं'. त्यावर ते एक तास दहा मिनिटं बोलले. प्रश्नोत्तरांना वेळ उरला नाही. पहिल्या रांगेत मृण्मयी बसली होती. तिनं एकदा हात वर केला, तर साहेब म्हणाले, "थांब, माझं होऊ दे." सगळा हॉल हसला. सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली.

दोन वर्षांनी कंपनी दुसऱ्या कुणी घेतली. नव्या मालकांनी परचेस सगळं कुठल्याशा दुसऱ्या शहरातून चालवायचं ठरवलं. साहेबांना पत्र मिळालं. इथं नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि व्हिसा संपला की मुक्काम. चोवीस वर्षांचा संसार मोजक्या आठवड्यांत खोक्यांत भरायचा. मृण्मयीला तोवर अबूधाबीत नोकरी लागली होती, खलिफा सिटीत दोन मैत्रिणींबरोबर राहायची. ती म्हणाली, मी इथंच थांबते. साहेब पुण्याला निघाले.

निरोप समारंभात मी चार शब्द बोलावेत अशी त्यांची इच्छा होती. मी गमतीजमती सांगितल्या. सोळावरचा एसी, कोल्ड स्टोअर, स्टॉपवॉच. लोक पोट धरून हसले. मेलचं मी सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर माझा आवाज मला आवरला नसता, आणि मी त्यांची थट्टा करणारा माणूस म्हणूनच ओळखला जात होतो.

ते गेले त्या सकाळी मी सामान उतरवायला मदत केली. गाडी मृण्मयी चालवणार होती. त्यांना विमानतळावर सोडल्यावर गाडी तीच ठेवणार होती. साहेबांना कुणी शेजारच्या सीटवर बसवेल असं मला कधी वाटलं नव्हतं. ते बसले, बेल्ट लावला, आणि गाडी हलायच्या आधीच तिला डावीकडून घे, सिग्नलला उजवी लेन धर, असं सांगायला लागले.

"यल्ला, बाबा," ती म्हणाली, "चलायचं?"

मी खिडकीशी वाकलो. काहीतरी म्हणायचं होतं. साहेबांनी हात बाहेर काढून माझ्या गालावर दोन थापट्या मारल्या, लहान मुलाला मारतात तशा, आणि काच वर घेतली. वहिनी मागच्या सीटवर खोक्यांमध्ये जेमतेम दिसत होत्या.

गाडी कोपऱ्यावर गेली, इंडिकेटर लागला, थोडा वेळ लुकलुकला आणि दिसेनासा झाला. आमच्या इथं सकाळच्या वेळी गाडी लावायला जागा मिळायला नशीब लागतं. मी वळून बिल्डिंगच्या दाराशी पोचेपर्यंत एक पांढरी एसयूव्ही आली, दोनदा मागे-पुढे झाली आणि त्यांच्या जागेत नीट बसली. आतून कुणी तरी उतरला, रिमोट दाबला आणि फोनवर बोलत निघून गेला.